डाव संपल्यावर मुलांना उठवू नका

प्रति,
सर्व मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि बुद्धिबळ स्पर्धांचे आयोजक,
बुलढाणा जिल्हा, घाटावरचे आणि घाटाखालचे

सन्माननीय गुरुजन आणि आयोजक मित्रहो,



२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांच्या टायब्रेकमध्ये दिव्याने बाजी मारली. एकोणीस वर्षांच्या या मुलीला त्या विजयाबरोबर थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला, ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. विदर्भाची मुलगी म्हणून आपल्या जिल्ह्यातही आनंद झाला. शाळांच्या फलकांवर तिचं नाव आलं, परिपाठात तिची माहिती वाचली गेली, पालक विचारू लागले की आमच्या पोराला बुद्धिबळ कुठे शिकायला घालू. तो आनंद खरा होता. माझी तक्रार आहे ती त्यानंतर आपण मुलांच्या हाती काय देतो आहोत याबद्दल.

आपण त्यांना स्पर्धा देतो, बुद्धिबळ देत नाही. आपल्याकडे मुलाचा डाव कोणी बघतच नाही. बघितला जातो तो निकाल. तक्त्यावर एक किंवा शून्य लिहिलं जातं आणि सोंगट्या पुढच्या जोडीसाठी परत मांडल्या जातात. मूल ज्या डावात एवढं डोकं घालून बसलं होतं त्यातलं काहीच मागे राहत नाही, वहीतही नाही आणि शिक्षकांच्या लक्षातही नाही. दोन दिवसांनी त्या मुलालाही आपण का हरलो ते सांगता येत नाही. परीक्षा घ्यायची, गुण सांगायचे आणि उत्तरपत्रिका मात्र कधीच दाखवायची नाही, असं एखाद्या शाळेने वर्षानुवर्षं केलं तर तुम्हीच आधी आवाज उठवाल. बुद्धिबळात आपण नेमकं तेच करतो आहोत.

मी निवृत्त शिक्षक आहे. घाटाखालच्या एका गावात मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि त्यांच्याबरोबर शालेय व खुल्या स्पर्धांना जातो. जे पाहिलं ते लिहितो आहे. कोणत्याही एका शाळेवर किंवा मंडळावर बोट ठेवायचं नाही, म्हणून कुठलंच नाव घेत नाही. तुमच्याकडे असं होत नसेल तर राग मानू नका, उलट तुमची रीत शेजारच्या शाळेला सांगा.

सगळ्यात आधी सोंगट्या मोजण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. बहुतेक ठिकाणी घड्याळं नसतात, म्हणून फेरीला अर्धा तास ठरवला जातो. अर्धा तास झाला की हाक येते, मुलं हात मागे घेतात आणि पंच एकेका पटापाशी जाऊन बेरीज करतात. वजिराचे नऊ, हत्तीचे पाच, उंटाचे आणि घोड्याचे तीन-तीन, प्याद्याचा एक. बेरीज जास्त तो विजयी. मुलं हुशार असतात, त्यांनी या पद्धतीतली मेख लगेच ओळखली आहे. एखादं मोहरं वर आलं की ती खेळायचं थांबतात आणि बाकीची मारामारी करून वेळ काढतात. नववीतला एक मुलगा मला सरळ म्हणाला, ‘सर, मात कशाले करायची? एक घोडा जास्त असला की झालं.’ त्याचं काही चुकलं नव्हतं. आपण त्याला जे शिकवलं ते तो शिकला होता.

ते नऊ, पाच, तीन हे आकडे मारामारी करताना अंदाज यावा म्हणून आहेत. बुद्धिबळाच्या नियमांत डावाचा निकाल बेरजेने लावण्याची तरतूद कुठेही नाही. आणि तशी का नाही, हे कळायला एक स्थिती मांडून बघा. शाळेत पट असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आत्ताच मांडा. पांढरा राजा बी६ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा कोपऱ्यात ए१ वर, काळा हत्ती डी५ वर. पटावर एवढंच. चाल पांढऱ्याची.

आपल्या मोजणीने काळ्याचे पाच आणि पांढऱ्याचा एक. पंच काळ्याच्या नावापुढे एक लिहून पुढच्या पटाकडे वळले असते. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जी. ई. बार्बिये यांनी प्यादं सी७ वर गेल्यानंतरची हीच स्थिती छापली तेव्हा त्यांचं मत होतं की डाव बरोबरीत सुटतो. प्यादं सी७ वर सरकतं. हत्ती डी६ वरून शह देतो, राजा बी५ वर उतरतो. परत शह, राजा बी४ वर. परत शह, राजा बी३ वर. आणखी एक शह, आणि राजा सी२ वर येऊन हत्तीच्या तावडीतून सुटतो. आता प्याद्याचा वजीर होणार, असं वाटत असतानाच काळा हत्ती डी४ वर जाऊन सापळा लावतो. वजीर केलात तर हत्ती सी४ वर येऊन शह देतो आणि स्वतःला मारून घेतो. वजिराने तो मारला की काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत.

ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा नावाच्या एका स्पॅनिश धर्मगुरूला त्यात पुढची चाल दिसली. त्याने प्याद्याचा वजीर न करता हत्ती केला. आता सी४ वरच्या शहाने राजा कोंडत नाही, आणि पांढरा हत्ती ए८ वर जाऊन मात देणार हे समोर दिसतं. काळा हत्ती नाइलाजाने ए४ वर आडवा येतो. पांढरा राजा बी३ वर सरकतो. त्या एका चालीने काळ्या हत्तीवर हल्ला होतो आणि सी१ वर मातही लागू होते. दोन्ही वाचवता येत नाहीत. साव्हेद्रा फार मोठा खेळाडू नव्हता. पण या एका चालीमुळे सव्वाशे वर्षांनंतरही जगभरातल्या मुलांना त्याचं नाव माहीत आहे. ही चाल शोधून काढणारं मूल आपल्या एखाद्या स्पर्धेत बसलं असतं, तर अर्ध्या तासाच्या हाकेला आपण त्याला हरलेलं ठरवून घरी पाठवलं असतं.

म्हणून पहिली विनंती ही की मोजणी बंद करा. करंडकांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग दरवर्षी घड्याळांसाठी वापरा, काही वर्षांत शाळेची पेटी भरेल. तोपर्यंत फेरीचा वेळ संपत आला असताना जे डाव सुरू असतील तेवढ्यांपुरतं शिक्षकांच्या मोबाइलवरचं घड्याळ लावा. असं अ‍ॅप फुकट मिळतं. दोघांना पाच-पाच मिनिटं द्या आणि डाव पटावरच संपू द्या. याला जोडूनच एक लहानशी गोष्ट. चुकून नियमबाह्य चाल झाली की लगेच ‘तू हरलास’ असं सांगणारे पंच मी पाहिले आहेत. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांत पहिल्या चुकीला चाल परत घ्यायला लावून समोरच्याला जादा वेळ देतात, हार दुसऱ्या चुकीला होते. पाचवीतल्या पोराचा घोडा गडबडीत चुकीच्या घरात पडला तर त्याला ही एक संधी मिळायलाच हवी. प्रत्येक तालुक्यात निदान एक शिक्षक, एक शिक्षिका रीतसर पंच-परीक्षा दिलेली असेल, एवढं क्रीडाशिक्षकांच्या संघटनेने मनावर घ्यावं.

दुसरी गोष्ट डाव लिहून ठेवण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर होता, इंग्लंडातला नावाजलेला खेळाडू. तिथल्या क्लबच्या एका सभासदाला शहरापासून दूर, मुफस्सलात, महेशचंद्र बॅनर्जी नावाचा खेळाडू सापडला. त्याच्या मुलखात त्याला कोणी हरवलेलं नव्हतं म्हणतात. त्याला शहरात आणलं आणि पुढे कित्येक वर्षं तो कॉक्रेनशी खेळला. महेशचंद्र देशी नियमांत वाढलेला. आपल्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकायचं, त्यामुळे त्याची सुरुवात सावकाश असे, प्यादी मागे राखून आणि उंट लांब तिरप्या रेषेवर बसवून. कॉक्रेनने ते डाव लिहून ठेवले. आज जगातले मोठमोठे खेळाडू जे किंग्ज इंडियन आणि क्वीन्स इंडियन बचाव खेळतात, त्या नावांतलं ‘इंडियन’ याच धाटणीच्या खेळावरून आलं. मुफस्सलातल्या एका माणसाचं डोकं कसं चालायचं हे आपण आज चाल-चाल वाचू शकतो, कारण समोर बसलेल्याने लिहून ठेवलं.

वऱ्हाडातल्या ओसऱ्यांवरही पट मांडले जात होते. तिथे लिहून ठेवणारा नव्हता. आता तरी असू दे. संग्रामपूरच्या किंवा लोणारच्या एखाद्या पोराने शालेय स्पर्धेत वजिराचा बळी देऊन मात केली, तर ती दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेत फळ्यावर दाखवता आली पाहिजे. मी असा एक डाव डोळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळी त्या मुलाला तो परत मांडता आला नाही, मलाही आला नाही.

चालींची नोंद शिकवायला एक तास पुरतो. उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरं, आडव्या रांगांना १ ते ८ आकडे. आलेखावर बिंदू मांडायला शिकलेल्या मुलाला यात नवीन काही नाही. मोहऱ्यांची अक्षरं मराठीत लिहिली तरी चालतात, ‘घो एफ३’ म्हणजे घोडा एफ३ वर. छापील स्कोअरशीट नसली तर वहीचं पान घ्या. चौदा वर्षांखालच्या गटापासून पुढे निदान शेवटच्या दोन फेऱ्या लिहून खेळायच्या, असा नियम जिल्हाभर करा. सुरुवातीला मुलं कुरकुर करतील आणि मग लिहिण्यासाठी हात थांबतो म्हणून विचार करायला लागतील, हा माझा अनुभव आहे. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून धावणारा हात वहीमुळेच थांबतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो. मोठ्या स्पर्धांमध्ये डाव संपला म्हणजे दोन्ही खेळाडू लगेच उठून जात नाहीत. हरलेलाही थांबतो. दोघं मिळून डाव मागे नेतात. इथे उंटाने मारलं असतं तर? तू हत्ती का नाही आणलास? मला त्याचीच भीती होती. हे बोलणं म्हणजेच बुद्धिबळाचं शिक्षण आहे, आणि ते अशा दोन माणसांमध्ये होतं ज्यांनी आत्ताच त्या स्थितीवर तासन् तास घालवले आहेत. पुस्तक किंवा इंजिन ते त्या जागी देऊ शकत नाही. आपल्याकडे निकाल लागला की मुलांना उठवलं जातं. ‘चला, हॉल मोकळा करा.’ जिंकलेल्याला फोटोसाठी नेतात, हरलेला बाहेर जाऊन डबा उघडतो. अजून पट तसाच मांडलेला असतो, दोघांच्या डोक्यात डाव ताजा असतो, आणि आपण सोंगट्या पिशवीत भरतो.

हॉलच्या एका कोपऱ्यात किंवा व्हरांड्यात चार-पाच पट जादा मांडून ठेवा. डाव संपलेल्या जोडीला तिथे पाठवा, पंधरा मिनिटं. एक शिक्षक तिथे बसू दे. तो चांगला खेळाडू असलाच पाहिजे असं नाही. त्याने एवढंच विचारावं: कुठे जास्त वेळ लागला? कुठे भीती वाटली? समोरच्याच्या मनात काय होतं असं तुला वाटलं आणि खरं काय होतं? तिसऱ्या प्रश्नावर दोन्ही मुलं एकमेकांकडे बघतात आणि बोलायला लागतात. दिव्याचे पहिले प्रशिक्षक नागपूरचे राहुल जोशी. आज ते हयात नाहीत. तिच्या नावाचा फलक लिहिताना ज्याने पाच वर्षांच्या मुलीजवळ बसून पहिल्या चाली पाहिल्या, त्या माणसाच्या कामाचीही आठवण आपण ठेवायला हवी, कारण तुमच्या-माझ्या हातात तेवढंच काम आहे.

कोड्यांचा विषय मला फार जवळचा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस विश्वनाथन आनंद आईवडिलांबरोबर फिलिपिन्समध्ये मनिलाला होता. तिथे टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा आणि त्यात कोडं दिलं जायचं. आनंद त्या वेळी शाळेत असे. त्याची आई सुशीला ते कोडं उतरवून ठेवत, मुलगा घरी आला की दोघं मिळून सोडवत आणि उत्तर पाठवत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. आनंदला इतकी बक्षिसं मिळाली की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी त्याला बोलावून सांगितलं, हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नकोस. ही हकिकत आनंदने स्वतः सांगितली आहे. यात जी साधनं आहेत ती मोताळ्याच्या किंवा देऊळगाव राजाच्या कुठल्याही शाळेत आहेत: रोज एक स्थिती, ती उतरवून ठेवणारं मोठं माणूस आणि बक्षिसाला पुस्तक. आपण देतो ते करंडक. पाचवा करंडक घरात आला की पहिला माळ्यावर जातो.

फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याला एक कोडं लिहा, एवढीच विनंती आहे. सोमवारी मांडा, शनिवारी उत्तर घ्या. साव्हेद्राचं वर दिलंच आहे. दुसरं रिचर्ड रेटीचं, १९२१ सालचं. पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. पांढऱ्याने बरोबरी साधायची. काळं प्यादं वजीर व्हायला सुटलेलं आहे आणि पांढरा राजा त्याच्या पुरता मागे पडला आहे. आपल्या प्याद्याला आधार द्यावा तर तेही लांब. उत्तर असं की राजाने तिरकं चालायचं, जी७, एफ६, मग ई५. त्या एका वाटेने तो दोन्ही प्याद्यांच्या जवळ येत राहतो, आणि काळ्याला एकाच वेळी दोन्हीकडे पुरं पडता येत नाही. हे कोडं बुद्धिबळाच्या तासाला न देता भूमितीच्या तासाला द्या. वहीतल्या चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. पटावर राजाला दोन्हीकडे सारख्याच चाली लागतात. भूमितीला कंटाळणारी मुलंही यावर वाद घालत बसतात, आणि तो वाद तासभर चालू द्यावा असा आहे.

आणि घोड्याची फेरी. घोड्याला चौसष्टही घरांतून असं फिरवायचं की प्रत्येक घरात तो एकदाच जाईल. सतराव्या शतकात काशीत राहिलेले नीलकंठ भट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले. त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाच्या नीतिमयूखात बुद्धिबळाचं वर्णन आहे आणि घोड्याच्या या फेरीची रीतही आहे. पुढे १७५९ मध्ये ऑयलरसारख्या गणितज्ञाने याच प्रश्नावर निबंध सादर केला. यासाठी पट लागत नाही, सोंगटीही लागत नाही. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरते. पाऊस लागून राहिला आणि मैदान बंद झालं की खेळाच्या तासाला मुलांना वर्गात गप्प बसवण्याऐवजी हे द्या. आधी पाच बाय पाचच्या चौकटीत, कोपऱ्यातून सुरू करून. शाळेच्या वाचनालयात बुद्धिबळाची दोन-चार पुस्तकंही असू द्यात, आणि ती मुलांच्या हाती लागतील अशा कपाटात. द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले रघुनंदन गोखले यांनी ‘लोकसत्ता’त मराठीत या खेळाच्या गोष्टी सांगितल्या. परिपाठाला वाचून दाखवावं असं पुष्कळ त्यात आहे.

मुलींबद्दल मला कठोर बोलायचं आहे. सहावी-सातवीपर्यंत आपल्याकडे मुली मुलांच्या बरोबरीने खेळतात. नववीनंतर त्या दिसत नाहीत. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला शिक्षिका नसते, परतीला उशीर होतो, घरून ‘आता दहावी आहे’ असं सांगितलं जातं आणि शाळाही मान डोलावते. स्पर्धेत मुलींचा वेगळा गट ठेवून त्यात तीन-चार जणींना आपसात खेळवलं जातं आणि ‘उत्कृष्ट मुलगी’ म्हणून एक लहान करंडक दिला जातो. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी वासंती खाडिलकर मराठी घरातली होती. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या जयश्री, वासंती आणि रोहिणी या तीन मुलींनी पुढे कित्येक वर्षं ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिने पुरुषांना हरवलं आणि मग तिच्या खेळण्यालाच आक्षेप घेतले गेले. प्रकरण फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं आणि त्यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. पन्नास वर्षांपूर्वी तेरा वर्षांच्या मुलीने जे मिळवून दिलं, ते आपण आपल्या मुलींना आजही देत नाही. शाळेच्या आणि गावच्या स्पर्धांत मुलींना मुलांबरोबर एकाच गटात खेळवा. जिल्ह्याला जाताना सोबत शिक्षिका द्या. आणि दहावीच्या वर्षात खेळ सोडायला सांगण्याआधी तिला स्वतःला विचारा. क्रीडागुणांची सवलत तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो निर्णय तिचा असायला हवा. जिजाऊंचा जन्म ज्या जिल्ह्यात झाला तिथे हे लिहावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

‘सर, हा नागपूर-पुण्याचा खेळ आहे, आपल्याकडे कुठून होणार?’ असं काही जण म्हणतात. २०१५ मध्ये ग्रँडमास्टर झालेला स्वप्नील धोपाडे आपल्या शेजारच्या अमरावतीचा. २०२३ची ग्रँड स्विस जिंकून कँडिडेट्समध्ये पोचलेला आणि तिथे हिकारू नाकामुराला दोनदा हरवणारा विदित गुजराथी नाशिकचा. सांगली काही महानगर नाही. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं, मुलांजवळ बसून बुद्धिबळ शिकवलं, आणि त्या गावाचं नाव देशभर झालं. पुढे महिला ग्रँडमास्टर झालेली स्वाती घाटे सांगलीचीच. आपल्याकडे मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं मुंबई-नागपूर रेल्वेवर आहेत, खामगाव, बुलढाणा, चिखली, मेहकर शाळा-कॉलेजांनी भरलेली आहेत. उणीव आहे ती रोज संध्याकाळी पट मांडून बसणाऱ्या एका माणसाची.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल थोडंच बोलतो. पहिली फेरी जाहीर केलेल्या वेळी सुरू करा. पाहुण्यांचा सत्कार दुपारच्या सुट्टीत किंवा शेवटी ठेवा. जळगाव जामोदहून किंवा सिंदखेड राजाहून पहाटेच्या एसटीने निघालेली मुलं भाषणं संपेपर्यंत पटासमोर बसून राहतात, पहिली फेरी अकराला लागते आणि मग शेवटच्या फेऱ्या उरकाव्या लागतात, कारण परतीची गाडी चुकते. सगळ्यात जास्त डोकं लागणारे डाव सगळ्यात घाईत होतात. बाद पद्धत शक्य तिथे सोडून द्या. एवढ्या लांबून आलेलं मूल एक डाव हरून सकाळीच मोकळं होतं, दिवसभर दुसऱ्यांचे डाव बघत बसतं आणि पुढच्या वर्षी येत नाही. स्विस लीगमध्ये हरलेला हरलेल्याशी खेळतो, प्रत्येकाला सगळ्या फेऱ्या मिळतात. जोड्या लावणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, शाळेच्या संगणकावर चालतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना प्रवेश फी माफ करा. आणि पालकांना पटापासून लांब बसवा. वडील मागे उभे असले की मुलाचा हात सोंगटीकडे जाण्याआधी डोळे मागे जातात.

यातली प्रत्येक गोष्ट जिल्ह्याबाहेरच्या कुणाच्या मंजुरीशिवाय होण्यासारखी आहे. घड्याळं सोडली तर फारसा पैसाही लागत नाही. पावसाळा सरता सरता तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा लागतील. त्याआधी तुमच्या शाळेत निदान एक स्पर्धा अशी घ्या: स्विस पद्धतीने, मुलगे-मुली एकत्र, डाव लिहून, मोजणी न करता, आणि चर्चेसाठी वेगळा कोपरा ठेवून. तारीख ठरली की हे पत्र छापणाऱ्या नियतकालिकाच्या पत्त्यावर मला कळवा. घाटावर असो की खाली, सकाळच्या गाडीने मी येईन. कोऱ्या स्कोअरशीट आणि चर्चेच्या कोपऱ्यासाठी सहा पट माझ्याकडून आणतो. दिवसभर त्या कोपऱ्यात बसण्याचं काम मला द्या. दुसरा कुठलाही मान नको.

आपला विश्वासू,
घाटाखालचा एक निवृत्त शिक्षक,
बुलढाणा जिल्हा